पूर्वरंग कापू नका : उत्सव समित्यांना एका पेटीवाल्याचे खुले पत्र

प्रति,
गावोगावच्या उत्सव समित्यांचे कार्यकर्ते, देवस्थानांचे विश्वस्त आणि कीर्तन महोत्सवांचे आयोजक यांस,

सादर नमस्कार.

मी कीर्तनकार नाही. कीर्तनकाराच्या मागे दोन पावलांवर पेटी घेऊन बसणारा साथीदार आहे. गेली चौतीस वर्षे कोकणात, गोव्यात, पुण्यात आणि घाटावरच्या अनेक गावांत रामनवमी, गोकुळाष्टमी, नवरात्र, दत्तजयंती अशा उत्सवांमधून मी नारदीय कीर्तनाला साथ करत आलो आहे. साथीदाराला कीर्तनकाराचा चेहरा क्वचितच दिसतो. त्याला दिसते ती बुवांची पाठ, घामाने भिजलेले उपरण्याचे टोक, झांज धरलेला हात आणि त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बसलेले श्रोते. या जागेवरून इतकी वर्षे जे पाहिले आणि ऐकले, त्याच्या बळावर हे पत्र लिहीत आहे. विनंती एकच आहे आणि ती आधीच सांगतो. पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचे निरूपण, कापू नका.

अलीकडे निमंत्रणाचा फोन येतो तेव्हा तारखेच्या आधी वेळ सांगितली जाते. पाऊण तास. फार तर एक तास. त्यानंतर ठरलेले वाक्य येते, की निरूपण थोडक्यात आवरा, लोकांना गोष्ट आणि गाणी हवी असतात. हे सांगणारी माणसे वाईट नसतात. त्यांनी वर्गणी जमवलेली असते, मांडव घातलेला असतो, त्याच रात्री आणखी दोन कार्यक्रम बसवायचे असतात आणि श्रोते उठून जातील ही भीती त्यांना खरोखरच वाटत असते. त्यांच्या कष्टांबद्दल माझ्या मनात आदर आहे. पण कीर्तनातला कोणता भाग कापल्याने काय तुटते, हे त्यांना कोणी नीट सांगितलेले नसते. बुवा सांगत नाहीत, कारण पुढच्या वर्षीचे निमंत्रण जाण्याची धास्ती असते. म्हणून मागे बसणाऱ्याने सांगावे असे ठरवले.

नारदीय कीर्तनाची बांधणी आपणांस ठाऊक आहे. नमन होते, मग मूळपद गायले जाते, ते बहुधा एखाद्या संताचा अभंग असते. त्या अभंगातला सिद्धांत बुवा उलगडतात, गीतेतले, उपनिषदातले, इतर संतांचे दाखले म्हणजेच प्रमाणे देतात, शंका काढतात आणि त्यांचे निरसन करतात. हा पूर्वरंग. मध्यंतरात नामघोष होतो, बुवांना हार घातला जातो, बुक्का लावला जातो. त्यानंतर उत्तररंगात आख्यान लागते, आणि शेवटी आख्यानाची गाठ पुन्हा मूळपदाशी बांधून, बहुधा भैरवीत, कीर्तन आरतीकडे जाते. ही नुसती क्रमवारी असती तर पुढचे मागे आणि मागचे पुढे केल्याने फारसे बिघडले नसते. पण कला आणि अध्यात्म यांच्यातला तोल या प्रकारात कीर्तनकाराच्या स्वभावावर सोडलेला नाही, तो या बांधणीत घालून ठेवला आहे. पूर्वरंगात संगीत बेताचे असते. मूळपदाचे गाणे झाले की पेटीवाल्याने नुसता षड्ज-पंचम धरून ठेवायचा असतो, आणि भाता इतका हलका ठेवायचा असतो की सूर शब्दाच्या कडेला लागावा, शब्दावर चढू नये. तबलजी हात मांडीवर ठेवून बसतो. उत्तररंगात मात्र साकी, दिंडी, आर्या, कटाव असे पद्यप्रकार, पद, श्लोक, अभिनय, आवाजांचे चढउतार, सगळे मोकळे सुटते. त्या मोकळेपणाला पूर्वरंगाची परवानगी लागते. आख्यानात जे जे रंगवायचे ते मूळपदातल्या एका ओळीचे देणे फेडण्यासाठी, हे श्रोत्याच्या मनात आधी ठसलेले असले, तर कितीही रंगले तरी कीर्तन वाहवत जात नाही.

एक उदाहरण देतो, कारण ते मी दोन्ही प्रकारे वाजवले आहे.

मूळपद तुकोबांचे, ‘जे का रंजले गांजले’. आख्यान नाथांचे, काशीहून गंगेची कावड घेऊन रामेश्वराला निघालेल्या एकनाथांनी वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला ते पाणी पाजले, हे. ही जोडी जुनी आहे, आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली असेल. मला पहिल्यांदा ती मिळाली ती दक्षिण कोकणातल्या एका लहान राममंदिरात, चैत्रातल्या उत्सवात. बुवा सत्तरीच्या पुढचे होते, आवाज काळी एकच्या, म्हणजे पेटीतल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या, वर जात नव्हता. त्यांनी पूर्वरंगात जवळजवळ पाऊण तास एकाच प्रश्नाभोवती घालवला. साधू ओळखायचा कसा? भगव्या कपड्यावरून, पाठांतरावरून, तीर्थयात्रांच्या संख्येवरून? त्यांनी तीर्थयात्रेचे महत्त्व कमी केले नाही, उलट ते इतके वाढवले, कावडीचा नेम किती कठीण, ती वाटेत जमिनीवर टेकवायचीही नाही, किती महिन्यांची पायपीट, की समोर बसलेल्या बायकांच्या चेहऱ्यांवर त्या पाण्याचे मोल दिसू लागले. आणि मग अभंगातली पुढची ओळ घेतली, ‘देव तेथेचि जाणावा’, आणि तिच्यावर काही न बोलता नामघोष सुरू केला.

उत्तररंगात नाथ त्या वाळवंटात पोहोचले, गाढव दिसले, बरोबरचे यात्रेकरू बाजूने निघून गेले. नाथांनी कावड खांद्यावरून उतरवली. इथे मी, तेव्हा वयाने लहान होतो, हातात उत्साह होता, एक करुण सुरावट पेटीवर घेऊ लागलो. बुवांनी मागे न वळता डावा हात कमरेजवळ आणून बोटे मिटली. मी भाता सोडला. तबलाही थांबला. देवळात समईच्या वातीचा चुरचुर आवाज येत होता. बुवांनी हातांची ओंजळ करून ती खाली नेली आणि गाढवाच्या तोंडाशी धरली. एक शब्दही नाही. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग त्यांनी बिनसाथीने, गळ्यातल्या गळ्यात, मूळपदाची तीच ओळ म्हटली. पूर्वरंगात ती ऐकताना जी माणसे नुसती मान डोलावत होती, त्यांच्यातली निम्मी आता डोळे पुसत होती. नाथ रामेश्वराला पोहोचले होते. पूर्वरंगाने ते रामेश्वर आधी दूरवर उभे करून ठेवले होते, म्हणून ते गाढवाच्या तोंडाशी आलेले दिसले.

तेच मूळपद, तेच आख्यान, अलीकडे एका मोठ्या महोत्सवात वाजवले. बुवा तरुण, गळा अत्यंत तयार, अभ्यासही चांगला. वेळ पाऊण तासाची, त्यातली दहा मिनिटे मागच्या कार्यक्रमाने खाल्लेली. पूर्वरंग सात-आठ मिनिटांत आटोपला. मध्यंतरात नामघोष सुरू होताच निवेदकाने ध्वनिक्षेपक हातात घेऊन देणगीदारांचे सत्कार सुरू केले. चार शाली, चार श्रीफळे, चार छायाचित्रे. बुवा नारदाच्या गादीवर, म्हणजे कीर्तनकाराच्या जागेवर, बाजूला सरकून उभे राहिले. मग आख्यान. श्रोत्यांवरचे दिवे बंद होते, व्यासपीठावरचा झोत बुवांच्या डोळ्यांवर होता. गाढवाच्या प्रसंगाला त्यांनी भैरवीत अतिशय देखणे पद गायले, तानांना टाळ्या पडल्या, मीही वाजवून घेतले, आणि माझ्याही वाजवण्याला टाळ्या पडल्या. कार्यक्रम यशस्वी झाला असे सर्वांनी सांगितले. परतताना गाडीत बुवा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गाढवाला पाणी पाजायचं राहिलंच हो आज.”

या वाक्यानंतर मला झोप लागली नाही. त्यांची चूक नव्हती. पूर्वरंग गेल्यावर ती कथा प्राण्यांवरच्या दयेची एक गोड गोष्ट उरते, आणि गोड गोष्टीला सजवण्यावाचून दुसरे काही करता येत नाही. कलाकाराने अशा वेळी तरी संयम राखावा असे म्हणणे सोपे आहे. पण संयमाची जागाच जर कार्यक्रमपत्रिकेतून काढून टाकली, तर तो राखायचा कुठे?

हा धोका नवा नाही. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या चौदाव्या दशकात हरिकथेची लक्षणे सांगताना तो जितका नेमका पकडला आहे तितका मी अन्यत्र वाचलेला नाही. ते म्हणतात, देवाचे दर्शन घ्यायला निघालेल्याच्या वाटेत रागज्ञान आडवे येते आणि मनाला धरून स्वरामागे घेऊन जाते. एखादा मनुष्य राजाला भेटायला राजद्वारी निघावा आणि वाटेत त्याला बळेच वेठबिगारीला धरावे, तसे कलावंताचे त्याच्या कलेनेच केले. चंदनाला सापाने वेढावे, तशा नाना कळा देवाच्या आड येतात. आणि मग ती ओळ, ‘श्रीहरिवीण जे कळा । तेचि जाणावी अवकळा’. मी स्वतः कलेवर पोट भरणारा आहे. ही ओळ पहिल्यांदा वाचली तेव्हा मला ती अन्यायाची वाटली होती. वेठबिगारीचा दृष्टांत समजायला वीस वर्षे लागली. ज्याला बेगारीला धरले आहे तो आळशी नसतो, तो राबत असतो, घाम गाळत असतो. फक्त ज्या कामाला निघाला होता ते काम नव्हे. तानेत शिरलेला गवई आणि लग्गीत, म्हणजे जलद बोलांत, शिरलेला तबलजी तसाच राबत असतो.

परंतु हेच समर्थ चौथ्या दशकात कीर्तनभक्ती सांगताना टाळ, मृदंग, संगीत, नृत्य, तान-मान सगळे कीर्तनात असावे म्हणतात आणि कथेचे अनुसंधान, म्हणजे मूळ विषयाशी असलेला धागा, तुटू देऊ नये म्हणतात. या दोन समासांत विरोध आहे असे काही जण मानतात. मला तसे वाटत नाही. अनुसंधान हाच तो दोरा आहे, त्यात कितीही मणी ओवले तरी चालतील. नाथांनी कीर्तनाच्या मर्यादेवर जे पद रचले, त्यातही काय वर्ज्य आहे याची लांब यादी नाही. ‘जेणें करूनि मूर्ति ठसावी अंतरीं श्रीहरीची’ एवढी कसोटी त्यांनी दिली आहे आणि ती संतांच्या घरची मर्यादा म्हटली आहे. नामदेव तर कीर्तनाच्या रंगात नाचायचे म्हणतात. या परंपरेने कलेला कधी दाराबाहेर ठेवले नाही. तिला घरात घेतले आणि घराची रीत शिकवली.

इथे दुसऱ्या बाजूचेही सांगितले पाहिजे, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. भाव असला की सूर चालतो, ही समजूत कीर्तनाचे तितकेच नुकसान करते. बेसूर मूळपद, ताल चुकलेली दिंडी, पाठ नसलेली आर्या आणि त्यावर भक्तीचे पांघरूण, हे मी पुष्कळ सोसले आहे. मोरोपंतांची आर्या तोंडात घोळवल्याशिवाय म्हणता येत नाही, तिचे यमक आणि तिचे वजन सांभाळावेच लागते. अमृतरायांचा कटाव ज्याला एका श्वासाच्या शिस्तीने म्हणता येत नाही, त्याने तो घेऊ नये. देवापुढे नासकी फुले कोणी वाहत नाही, मग कच्चा सूर का वाहावा? रुक्ष निरूपणाचीही तीच गोष्ट. श्रोत्यांकडे न पाहता तास-तास चालणारा पूर्वरंग हा पूर्वरंगच नव्हे, आणि त्याला कंटाळून आपण वेळ कापू लागलात असे कोणी म्हणाले, तर ते मी नाकारणार नाही. बुवांच्या बाजूने ही कबुली द्यायलाच हवी.

कला म्हणजे केवळ गाणे असेही नाही. गाडगेबाबांच्या कीर्तनात ना राग होता, ना पेटी. ते आधी गाव झाडून काढत आणि रात्री उभे राहून लोकांना प्रश्न विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे, आणि मधूनमधून ‘गोपाला गोपाला’चा गजर होई. पण प्रश्न कोणत्या क्षणी टाकायचा, कुठे थांबायचे, हशा कुठे पिकू द्यायचा आणि त्या हशातच अंतर्मुख कसे करायचे, ही कारागिरी कोणत्याही गवयापेक्षा उणी नव्हती. १९५६ साली ते गेले. त्यांचे कीर्तन ऐकलेल्या माणसांना लहानपणी मी भेटलो आहे. त्यांना बाबांचे शब्द आठवत, आवाज कसा होता हे मात्र विचारल्यावर सांगावे लागे. ज्या कलेची आठवण शब्दाच्या मागे राहते ती कला कीर्तनाची.

आणि गाण्याचे कीर्तनावर उपकार असतील, तर कीर्तनाचेही गाण्यावर कमी नाहीत. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी संगीत नाटक उभे केले, तेव्हा साकी, दिंडी त्यांना कीर्तनानेच हाताशी दिल्या होत्या. विष्णु दिगंबर पलुस्करांचे वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते. एकोणिसाव्या शतकात आपले कीर्तन तंजावरला गेले, तिथल्या कृष्ण भागवतरांनी त्यातून तमिळ हरिकथेचे नवे रूप घडवले, आणि साकी, दिंडी, ओवी ही नावे आजही तिकडच्या हरिकथेत मराठीच आहेत. दुसऱ्या भाषेने एखादी गोष्ट उचलली तर सहसा चाली उचलते. तिकडच्यांनी चालींबरोबर बांधणीही घेतली, कारण ती पक्की होती. आपल्याच घरात ती आता खिळखिळी होते आहे, ही गोष्ट मला फार लागते.

आता पैशाचे. हा विषय टाळून पत्र पुरे होणार नाही. ‘कीर्तनाचा विकरा मातेचें गमन’, म्हणजे कीर्तन विकणे हे मातृगमनासारखे पाप, इतके कठोर तुकोबांनी म्हटले आहे. जिथे कीर्तन करावे तिथे अन्नही घेऊ नये, माळ-बुक्का घेऊ नये, बैल-तट्टांसाठी दाणावैरण मागू नये, आणि द्रव्य घेणारे व देणारे दोघेही नरकात जातात, इथवर ते जातात. मी चौतीस वर्षे बिदागी घेतली आहे. या अभंगांसमोर मी निर्दोष ठरत नाही, आणि पोट कुणाला चुकले आहे असे म्हणून तुकोबांना बाजूला सारण्याची माझी इच्छा नाही. पण विकरा या शब्दाचा मी माझ्यापुरता जो अर्थ लावला आहे तो सांगतो. पूर्वी देवस्थाने कीर्तनकाराला वर्षासन, म्हणजे ठरलेले वार्षिक मानधन, देत, कुठे इनाम जमीन असे. त्या रात्री किती माणसे जमली, कुठे टाळी पडली, यावर त्याची चूल अवलंबून नसे. आज ती अवलंबून आहे. ज्याची चित्रफीत जास्त माणसे पाहतात त्याला अधिक बिदागी, आणि चित्रफितीत जाते ती तान, किंवा विनोद, दीड मिनिटाचा. निरूपण त्यात मावत नाही. म्हणजे बुवांनी काय विकावे हे आता बाजार ठरवतो. विकऱ्याची खरी सुरुवात तिथे होते असे मला वाटते. आपण जर सर्व कीर्तनकारांना एकच, आधी सांगितलेली, सन्मानाची बिदागी द्याल, लोकप्रियतेवर ती बेतणार नाही, तर तुकोबांचा शब्द पूर्ण पाळला असे होणार नाही, पण त्याच्या दिशेने दोन पावले पडतील. साथीदारांची बिदागी बुवांच्या पाकिटातून न देता वेगळी द्यावी, हेही त्यातच आले. गावातल्या तबलजीला नारळावर घरी पाठवले जाते, हे मी अनेक ठिकाणी पाहिले आहे.

स्पर्धांबद्दल थोडक्यात. मुलांच्या कीर्तन स्पर्धा होतात हे चांगलेच आहे, त्यातून मुले पाठांतर करतात, उभी राहून बोलायला शिकतात. मात्र परीक्षक म्हणून केवळ गायक बोलावू नयेत. दहा मिनिटांच्या कीर्तनात मुलांनी सात मिनिटे आख्यान करावे अशी अट असू नये. माझ्या शेजारची एक मुलगी गेल्या वर्षी अशा स्पर्धेसाठी ध्रुवाचे आख्यान बसवत होती. मी तिला विचारले, मूळपद कोणते? तिने सरळ सांगितले, “मूळपदाला गुण नाहीत, काका.” अकरा वर्षांच्या मुलीला आपण हे शिकवले.

मग काय करावे अशी माझी विनंती आहे? कीर्तनाला किमान दोन तास द्यावेत, आणि ते शक्य नसेल तर त्या दिवशी कीर्तन ठेवू नये, भजन ठेवावे. भजन पाऊण तासात पूर्ण होते आणि त्याचा मान कमी नाही. दोन तास बसायला लोक तयार नाहीत असे आपण म्हणाल. ज्या देवळात उत्सवाचे नऊ दिवस नऊ कीर्तने सलग होतात आणि वेळ पाळली जाते, तिथे तिसऱ्या दिवसापासून माणसे वाढत जातात, हे मी वर्षानुवर्षे मोजत आलो आहे. पहिल्या दिवशी ती कमीच असतात. त्या पहिल्या दोन दिवसांत धीर सोडू नये.

मध्यंतर नामघोषाचे आहे, सत्कारांचे नाही. देणगीदारांचा मान अवश्य करावा, पण तो कीर्तनाच्या आधी किंवा आरतीनंतर. बुवा गादीवर उभे असताना गावातला वडीलधारा मनुष्यही त्यांच्या पायांवर डोके ठेवतो, ते त्या व्यक्तीला नव्हे, नारदाच्या जागेला ठेवतो. आरती झाल्यावर तेच बुवा खाली उतरून त्या वडीलधाऱ्याला नमस्कार करतात, अशी आमच्याकडची रीत आहे. त्या जागेवर उभे करून शाल देण्याघेण्याने ही रीत मोडते. मोडल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही, हे त्याहून वाईट.

श्रोत्यांवरचे दिवे विझवू नयेत. कीर्तन हे नाटक नाही. बुवांना समोरच्या आजीचा चेहरा दिसला पाहिजे, तिला प्रमाण कळले की नाही हे पाहून ते दृष्टांत बदलतात, पुन्हा सांगतात, किंवा पुढे जातात. अंधाराकडे तोंड करून निरूपण होत नाही, गाणे मात्र होते, आणि म्हणून अंधारात बुवा आपोआप गाण्याकडे वळतात. ध्वनिव्यवस्था करणाऱ्यास आधी एवढे सांगावे की हा वाद्यवृंद नाही. तबल्याचा डग्गा छातीत धडधडेल इतका वाढवू नये, बुवांच्या आवाजाला घुमारा लावू नये. घुमाऱ्याने गाणे गोड होते आणि शब्द पुसट होतो. पेटीचा ध्वनिक्षेपक सर्वांत लहान ठेवावा. हे मी स्वतःच्या वाद्याबद्दल सांगत आहे.

आणखी एक गोष्ट, जी लहान वाटेल. निमंत्रण देताना बुवांना विचारावे, यंदा मूळपद कोणते घेणार? पत्रिकेत आख्यानाच्या नावाबरोबर मूळपदाची पहिली ओळ छापावी. आज पत्रिकेत ‘सुश्राव्य कीर्तन’ एवढेच असते, फार तर आख्यानाचे नाव. मूळपद छापले की श्रोता घरून ती ओळ मनात घेऊन येतो, बुवांनाही ती टाळता येत नाही, आणि कार्यक्रमाच्या वेळा ठरवणाऱ्यालाही या ओळीला काही वेळ लागणार हे कागदावरच दिसते.

चैत्र फार दूर नाही. अनेक ठिकाणी रामनवमीच्या उत्सवाच्या पत्रिकांचे मजकूर या दिवसांत तयार होत असतील. ज्या तरुण बुवांचा वर उल्लेख केला, त्यांना मी विचारले की तेच मूळपद आणि तेच आख्यान पुन्हा करणार का. त्यांनी होकार दिला आहे, दोन तास मिळाले तर. त्या दिवशी मी पेटी घेऊन मागे बसेन, आणि नाथ कावड खाली ठेवतील तेव्हा भाता सोडेन. आपल्यापैकी ज्या समितीला हे कीर्तन आपल्या देवळात व्हावेसे वाटते, तिने पत्रिकेत वेळ ‘रात्री ९ ते ११’ अशी छापावी, आणि तिच्याखाली, ‘मूळपद : जे का रंजले गांजले’.

आपला नम्र,
नारदीय कीर्तनाचा एक पेटीवादक साथीदार